डॉक्टर हेपबर्न : परक्या भाषेचे आजन्म विद्यार्थी

जपान देशात आज जो कोणी परदेशी मनुष्य आगगाडीने प्रवास करतो, त्यास स्टेशनाच्या पाटीवर जपानी अक्षरांबरोबर रोमन अक्षरांतही गावाचे नाव वाचावयास सापडते. ही अक्षरे ज्या रीतीने लिहितात तिला हेपबर्न पद्धती असे नाव आहे. जपानी लोकांच्या पासपोर्टांवरही त्यांची नावे बहुधा याच रीतीने लिहिलेली असतात. ज्या गृहस्थाचे नाव या पद्धतीस मिळाले, ते भाषापंडित म्हणून जपानात गेले नव्हते. ते धंद्याने वैद्य होते, कामाने मिशनरी होते आणि जपानच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांचे वय ४४ वर्षांचे होते. या वयात मनुष्य बहुधा दुसऱ्यास शिकवू लागतो. डॉक्टर हेपबर्न मात्र त्या वयात पुन्हा मुळाक्षरांपाशी बसले. ते कसे शिकले, कोणापासून शिकले आणि त्या शिकण्यासाठी कोणी काय किंमत दिली, हे वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

जेम्स कर्टिस हेपबर्न यांचा जन्म १३ मार्च १८१५ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतात मिल्टन या गावी झाला. त्यांचे वडील वकील होते. हेपबर्न यांनी १८३२ साली प्रिन्स्टन येथील कॉलेजची पदवी घेतली व १८३६ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून वैद्यकीची परीक्षा दिली. पुढे १८४० साली क्लारा लीट या सुशिक्षित बाईंशी त्यांचा विवाह झाला आणि दुसऱ्याच वर्षी हे दांपत्य मिशनच्या कामासाठी पूर्वेकडे निघाले. त्या वेळी चीन व इंग्लंड यांमध्ये लढाई चालू होती, म्हणून त्यांस सुमारे दोन वर्षे सिंगापुरात राहावे लागले. तेथे त्यांनी चिनी भाषेचा अभ्यास आरंभिला. १८४३ साली ते चीनमधील अमॉय बंदरी गेले. परंतु हिवतापाने त्यांची प्रकृती इतकी खालावली की, १८४५ साली त्यांस तेथून निघून मायदेशी परतावे लागले. इतक्या कष्टाने मिळविलेली चिनी भाषा आता कोणत्या उपयोगाची, असे त्या वेळी कोणासही वाटले असते. तथापि ती वाया गेली नाही, हे पुढे दिसून येईल.

सिंगापुरात असताना एक लहानसे पुस्तक त्यांच्या हाती आले होते. ते योहानाच्या शुभवर्तमानाचे जपानी भाषांतर होते व १८३७ साली तेथेच छापलेले होते. या पुस्तकाची कथा मोठी हृदयद्रावक आहे. १८३२ साली एक जपानी गलबत वादळात सापडून महासागरात भरकटत गेले आणि अनेक महिन्यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील लोकांपैकी तीन खलाशी तेवढे वाचले. ते फिरत फिरत मकाव येथे गुट्सलाफ नावाच्या जर्मन मिशनऱ्याजवळ आले आणि त्यांच्याच मदतीने त्याने हे भाषांतर केले. पुढे १८३७ साली या खलाशांना घरी पोहोचविण्यासाठी एक अमेरिकन जहाज जपानास गेले, तेव्हा किनाऱ्यावरून त्या जहाजावर तोफा सुटल्या व त्या बिचाऱ्यांस आपल्या गावाचे दर्शनही न घेता परत फिरावे लागले. परदेशी मनुष्यास तर नाहीच, पण परदेशी जाऊन आलेल्या आपल्या मनुष्यासही त्या काळचे जपान दार उघडीत नसे. अशा देशाच्या भाषेतील ते पुस्तक हेपबर्न यांनी पाहिले. त्या भाषेस आपले उभे आयुष्य द्यावयाचे आहे, हे तेव्हा त्यांस कोठून ठाऊक असणार?

अमेरिकेस परतल्यावर हेपबर्न यांनी न्यूयॉर्क शहरात दवाखाना घातला. १३ वर्षांत त्यांचा धंदा भरभराटीस आला. शहरात पटकीची साथ आली तेव्हा त्यांनी पुष्कळ रोग्यांची शुश्रूषा केली. परंतु त्याच शहरात त्यांची तीन लहान मुले एकामागून एक निवर्तली. इतरांची लेकरे वाचविणाऱ्या वैद्यास स्वतःची लेकरे वाचविता आली नाहीत. सॅम्युएल हा एकटा मुलगा उरला. इतक्यात १८५८ साली अमेरिका व जपान यांमध्ये तह झाला आणि १८५९ च्या जुलैपासून काही बंदरे परदेशी लोकांस खुली होणार असे ठरले. हेपबर्न यांनी लागलीच प्रेस्बिटेरियन मिशनाकडे आपले नाव दिले. घर व दवाखाना त्यांनी सोडला. सॅम्युएल तेव्हा सुमारे १४ वर्षांचा होता. त्यास शिक्षणासाठी अमेरिकेतच ठेवावे लागले. १८५९ च्या एप्रिलमध्ये ते पत्नीसह जहाजावर चढले व ऑक्टोबरात जपानातील कानागावा येथे उतरले.

कानागावा हे एदो राजधानीपासून क्योतो शहरास जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरील गाव होते. एदो म्हणजेच सांप्रतचे तोक्यो. हेपबर्न दांपत्यास राहण्यास जोबुत्सुजी नावाच्या बौद्ध मंदिराची जागा मिळाली. थोड्याच दिवसांनी डच रिफॉर्म्ड मिशनचे सॅम्युएल ब्राऊन तेथे येऊन पोहोचले. परदेशी लोकांनी आपापल्या वस्तीत आपला धर्म पाळावा इतकी मोकळीक तहाने दिली होती. परंतु जपानी मनुष्याने ख्रिस्ती होणे हा कायद्याने गुन्हा होता. ही बंदी दोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेली होती आणि तिची आज्ञा लाकडी पाट्यांवर लिहून रस्त्यारस्त्यावर लावलेली होती. तेव्हा उपदेश करावयाचा नाही, शाळा उघडावयाची नाही, पुस्तके वाटावयाची नाहीत, अशा स्थितीत मिशनऱ्याने करावे काय? हेपबर्न यांनी याचे उत्तर कृतीने दिले. दोन गोष्टींस कोणी हरकत घेण्याजोगी नव्हती : आजाऱ्यास बरे करणे आणि भाषा शिकणे.

ही भाषा शिकणे सोपे नव्हते. वाचकांस तिची थोडी ओळख करून दिली पाहिजे. जपानी भाषा लिहिण्यास काना नावाच्या दोन वर्णमाला आहेत. प्रत्येकीत सुमारे ४८ अक्षरे. ही मुले लवकर शिकतात. परंतु त्यांबरोबर चीन देशाकडून घेतलेली हजारो चित्राक्षरे वापरतात आणि एकाच चित्राक्षराचे उच्चार निरनिराळे होतात. डोंगर या अर्थाचे अक्षर घ्या. कोठे त्याचा उच्चार यामा असा शुद्ध जपानी होतो, तर कोठे सान असा चिनी वळणाचा होतो. अमॉय व सिंगापूर येथे घेतलेले चिनी भाषेचे श्रम हेपबर्न यांस येथे कामास आले. ही अक्षरे त्यांस अगदीच अनोळखी नव्हती. त्यांचे नवे उच्चार मात्र शिकावे लागले.

वाक्यरचना तर अमेरिकन मनुष्यास उलटी वाटावी अशीच आहे. आपणां मराठी बोलणाऱ्यांस ती तितकी परकी वाटणार नाही. कारण जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि आपल्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणे लहान शब्द नामाच्या मागून लागतात. नामास लिंग नसते, ही तर सोयच. पण मान राखण्याच्या बाबतीत ती भाषा आपल्यापेक्षाही कडक आहे. आपल्याकडे तू, तुम्ही व आपण इतके भेद पुरतात. जपानीत वडील मनुष्याशी, बरोबरीच्याशी व नोकराशी बोलताना क्रियापदांची रूपे व कधी कधी सबंध शब्दही बदलतात. मी या एका शब्दास अनेक शब्द आहेत, आणि पुरुषाने कोणता वापरावा, स्त्रीने कोणता वापरावा, याचीही रीत ठरलेली आहे. शिवाय त्या काळी ग्रंथांतील भाषा व तोंडची भाषा यांत फार मोठे अंतर होते. जो ग्रंथांवरून शिकेल त्याचे बोलणे बाजारात कळणार नाही, आणि जो बाजारात शिकेल त्याचे लिहिणे विद्वानांस रुचणार नाही.

मदतीस पुस्तके म्हणावी तर जवळजवळ नव्हतीच. मेडहर्स्ट यांनी १८३० साली बाताव्हिया येथे छापलेला एक लहान शब्दसंग्रह होता, आणि १६०३ साली जेझुइट पाद्र्यांनी नागासाकी येथे छापलेला जपानी-पोर्तुगीज कोश होता. या दोहोंचा त्यांनी उपयोग केला; तथापि आपला मुख्य आधार जिवंत शिक्षक हाच होता, असे त्यांनी पुढे आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. हे जिवंत शिक्षक म्हणजे पगारी पंडित तर होतेच, परंतु त्यांच्या दवाखान्याच्या दारी येणारे लोकही होते.

१८६१ च्या वसंत ऋतूत हेपबर्न यांनी कानागावा येथील सोकोजी नावाच्या दुसऱ्या एका मंदिरात दवाखाना उघडला. जपानी रोग्यांकडून ते काही घेत नसत. हां हां म्हणता ही वार्ता पसरली. कोळी आले, शेतकरी आले, हमाल आले, कमरेला दोन तलवारी लावणारे सामुराईही आले. डोळ्यांच्या रोगाचे लोक विशेष येत. रोगी आपले दुखणे आपल्याच शब्दांत सांगतो. ठणकणे, सुजणे, चुरचुरणे, गरगरणे, असले शब्द कोणत्याही पंडिताच्या ग्रंथात सापडत नाहीत. म्हातारी कशी बोलते, लेकरू कसे बोलते, शिपाई कसा बोलतो, हे त्या एका खोलीत डॉक्टरांच्या कानी पडू लागले. औषध देणारा एक व भाषा देणारे शेकडो, असा तो व्यवहार होता. परंतु पाच महिन्यांतच सरकारच्या हुकमाने तो दवाखाना बंद झाला. परक्या वैद्याजवळ इतके लोक जमतात, ही गोष्ट अधिकाऱ्यांस धोक्याची वाटली.

त्याच सुमारास क्लाराबाई मुलाच्या काळजीने अमेरिकेस गेल्या व १८६३ पर्यंत डॉक्टरसाहेब एकटेच राहिले. ते दिवस फार भीतीचे होते. परदेशी लोकांस देशातून हाकलून द्यावे असे म्हणणारे तरवारबहाद्दर रस्त्यांवर फिरत असत. १४ सप्टेंबर १८६२ रोजी कानागावाजवळ नामामुगी गावी चार इंग्रज घोड्यांवरून चालले होते. समोरून सात्सुमा प्रांताच्या सरदार घराण्याची मोठी स्वारी आली. अशा स्वारीपुढे घोड्यावरून उतरून बाजूस व्हावे, अशी त्या देशाची रीत होती. इंग्रज उतरले नाहीत. सरदाराच्या शिपायांनी तलवारी उपसल्या व रिचर्डसन नावाचा व्यापारी तेथेच ठार झाला. दोघे जखमी होऊन होंगाकुजी मंदिरातील अमेरिकन वकिलातीत येऊन पडले. त्यांच्या जखमा हेपबर्न यांनी बांधल्या. या एका प्रसंगापायी पुढील वर्षी इंग्लंडच्या आरमाराने कागोशिमा शहरावर तोफा डागल्या. परक्या देशात राहणाऱ्याने तेथील रीतभात शिकणे हे किती गंभीर काम आहे, हे जखमा बांधणाऱ्या त्या वैद्याइतके कोणास कळले असेल?

१८६२ च्या अखेरीस हेपबर्न योकोहामा येथील परदेशी वस्तीत राहावयास गेले व तेथे ३९ क्रमांकाच्या जागेत त्यांनी पुन्हा दवाखाना घातला. क्लाराबाई परतल्या आणि १८६३ पासून त्यांनी त्याच घरी काही मुलांस इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला. त्या मुलांत ताकाहाशी कोरेकियो नावाचा एक मुलगा होता. तो १९२१ साली जपानचा मुख्य प्रधान झाला. हायाशी तादासु हा दुसरा विद्यार्थी पुढे परराष्ट्रमंत्री झाला. १८७० साली बाईंनी आपल्या शाळेतील मुली मेरी किडर या मिशनरी बाईंच्या स्वाधीन केल्या व त्या लहान वर्गापासून फेरिस नावाची प्रख्यात कन्याशाळा उदयास आली.

१८६३ सालीच किशिदा गिंको नावाचा ३० वर्षांचा एक विद्वान तरुण डोळे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे आला. डॉक्टरांच्या औषधाने त्याचे डोळे थोड्याच दिवसांत बरे झाले. हा मनुष्य चिनी विद्येत निपुण असून साध्या माणसांत वावरलेला होता. कोणता शब्द कोणाच्या तोंडी शोभतो हे त्यास नेमके ठाऊक होते. हेपबर्न यांनी त्यास कोशाच्या कामी मदतीस घेतले. एकाने शब्द विचारावा, दुसऱ्याने अर्थ उकलून दाखवावा; एकाने रोमन अक्षरांत लिहावे, दुसऱ्याने चित्राक्षर काढावे, असे ते काम चालले. दिवसा रोगी, संध्याकाळी शब्द. अशी सुमारे सात वर्षे गेली तेव्हा कोशाचे हस्तलिखित तयार झाले.

ते छापावे कोठे? जपानात तोपर्यंत बहुतेक पुस्तके लाकडी फळ्यांवर कोरून छापीत. इंग्रजी व जपानी अक्षरे एका पानावर जुळविण्याजोगे खिळे तेथे नव्हते. म्हणून १८६६ च्या ऑक्टोबरात हेपबर्न किशिदास बरोबर घेऊन चीनमधील शांघाय येथे गेले. तेथे प्रेस्बिटेरियन मिशनचा छापखाना होता. जपानी अक्षरांचे खिळे नव्याने पाडावे लागले आणि त्यांसाठी मूळ अक्षरे किशिदाने आपल्या हाताने लिहून दिली. मुद्रिते तपासण्यात कित्येक महिने गेले. अखेर १८६७ साली तो ग्रंथ बाहेर पडला. त्याचे जपानी नाव वा-एइ गोरिन शूसेइ असे आहे. त्यात २० हजारांहून अधिक जपानी शब्द होते. प्रत्येक शब्द प्रथम रोमन अक्षरांत, मग कानात, मग चित्राक्षरांत, आणि पुढे त्याचा इंग्रजी अर्थ व वापरण्याचे उदाहरण. जपानी शब्दांचा इंग्रजीत अर्थ देणारा असा मोठा कोश त्यापूर्वी झालेला नव्हता.

किशिदाची हकिकत येथेच पुरी केलेली बरी. डॉक्टरांनी त्यास डोळ्यांच्या औषधाची कृती शिकविली. किशिदाने ते औषध सेइकिसुइ या नावाने विकण्यास काढले व त्याचा खप पुष्कळ झाला. पुढे तो नामांकित वर्तमानपत्रकार झाला. आणि १८७५ पासून तोक्यो येथे आंधळ्यांसाठी शाळा काढण्याची जी खटपट काही जपानी व परदेशी सद्गृहस्थांनी चालविली तीतही तो सामील झाला. डोळे बरे करून घेण्यास आलेल्या मनुष्याने डॉक्टरास भाषेची दृष्टी दिली आणि आंधळ्यांच्या शाळेसही हात लावला.

शांघायहून परतल्यावर डॉक्टरांची कीर्ती एका निराळ्याच कारणाने देशभर झाली. सावामुरा तानोसुके नावाचा एक लोकप्रिय नट होता. नाटकात तो स्त्रीवेष घेत असे. त्याच्या पायास सडण लागून जीव धोक्यात आला. १८६७ साली हेपबर्न यांनी त्यास क्लोरोफॉर्मची गुंगी देऊन त्याचा पाय कापला आणि पुढील वर्षी अमेरिकेहून मागविलेला कृत्रिम पाय त्यास बसवून दिला. तो पाय लावून तानोसुके पुन्हा रंगभूमीवर उभा राहिला. तेव्हापासून हेबोन हे नाव जपानात घरोघरी झाले. हेपबर्न हा उच्चार जपानी जिभेस जड जाई. म्हणून लोक हेबोन म्हणत, आणि डॉक्टरांनीही ते नाव आनंदाने घेऊन चिनी चित्राक्षरांत तसेच लिहिण्याचा परिपाठ ठेवला. दुसऱ्यांच्या भाषेतील हजारो शब्दांचा अचूक उच्चार शिकणाऱ्या मनुष्याने आपल्या नावाचा मोडका उच्चार मात्र कधी सुधारीत बसला नाही.

आता एक गोष्ट विसरता कामा नये. परदेशी शिक्षणार्थ्यास जी भीती होती, तिच्याहून मोठी भीती त्यास शिकविणाऱ्या जपानी पंडितास होती. परदेशी मनुष्यास तहाचे संरक्षण होते. पंडितास कोणाचेच नव्हते. यानो नावाचे एक वैद्य मिशनऱ्यांस जपानी शिकवीत व जेम्स बाला या मिशनऱ्यास भाषांतरात मदत करीत. ते करता करता त्यांस विश्वास प्राप्त झाला आणि १८६५ च्या नोव्हेंबरात आजारात अंथरुणावर असता त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जपानात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतलेले ते पहिले गृहस्थ होत. १८६७ पासून नागासाकीजवळील उराकामी गावच्या तीन हजारांहून अधिक रोमन कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा छळ होऊन ते दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार झाले. कोबे येथे मिशनऱ्यांस भाषा शिकविणारे इचिकावा एइनोसुके यांस १८७१ साली पत्नीसह पकडून नेले. त्यांच्याजवळ शुभवर्तमानाच्या भाषांतराचे हस्तलिखित सापडले होते. १८७२ च्या नोव्हेंबरात ते तुरुंगातच मरण पावले. पुढे तीनच महिन्यांनी, १८७३ च्या फेब्रुवारीत, सरकारने रस्त्यांवरील त्या बंदीच्या पाट्या उतरविल्या. इचिकावांस बाप्तिस्मा घेण्याची संधी मिळाली नव्हती. परंतु परक्या भाषेचा कोश किंवा पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेताना, मुखपृष्ठावर ज्यांचे नाव नसते अशा या शिक्षकांचे ऋण आपण ओळखले पाहिजे.

कोश हे साधन होते. साध्य होते पवित्र शास्त्राचे भाषांतर. हेपबर्न व ब्राऊन यांनी मार्क व योहान यांची शुभवर्तमाने १८७२ साली छापिली आणि मत्तयाचे १८७३ साली. पुढे निरनिराळ्या मिशनांची एक कमिटी नेमण्यात आली व १८७४ पासून ती कामास लागली. ब्राऊन, हेपबर्न व ग्रीन हे तिचे प्रमुख होते आणि त्यांच्या बरोबरीने ओकुनो मासात्सुना, मात्सुयामा ताकायोशी व ताकाहाशी गोरो हे जपानी विद्वान बसत. ओकुनो हे मूळचे सामुराई. राज्यक्रांतीत त्यांच्या पक्षाचा पाडाव होऊन ते दैन्यास पोहोचले होते. १८७१ साली ते हेपबर्न यांजकडे भाषेच्या कामास राहिले, १८७२ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८७७ साली ज्या तीन जपानी बंधूंस पाळकपदाची दीक्षा मिळाली त्यांत ते एक होते.

त्या खोलीत कशावर वाद होत, हे आपल्या उपदेशक बंधूंनी लक्षात घेण्याजोगे आहे. विद्वान जपानी मंडळीस वाटे की, धर्मग्रंथाची भाषा चिनी शब्दांनी भरलेली व भारदस्त असावी, नाही तर शिकलेले लोक तिचा तिरस्कार करतील. ब्राऊन व हेपबर्न म्हणत की, नांगर धरणाऱ्यास व चूल पेटविणाऱ्या बाईस ऐकून कळेल अशी ती असावी. दवाखान्यात शिकलेली भाषा हेपबर्न यांच्या कानात होती. शेवटी मध्यम मार्ग ठरला : रचना शुद्ध जपानी व समजण्याजोगी, परंतु गावंढळ नाही. दुसरा कठीण प्रश्न देव या शब्दाचा. जपानीत कामी हा शब्द डोंगरांच्या, नद्यांच्या व पूर्वजांच्या अनेक देवतांस लावीत. तोच घ्यावा की नवा शब्द बनवावा? त्यांनी कामी हाच शब्द ठेवला. लोकांचा शब्द लोकांकडून घेतला आणि त्यात नवा अर्थ भरण्याचे काम काळावर व शिकवणीवर सोपविले.

नवा करार १८७९ च्या नोव्हेंबरात पुरा झाला व १८८० साली प्रसिद्ध झाला. जुन्या कराराच्या कामी हेपबर्न यांस फर्बेक व फायसन हे सोबती होते. ते काम १८८७ च्या अखेरीस संपले आणि ३ फेब्रुवारी १८८८ रोजी तोक्यो येथे मोठी उपकारस्तुतीची सभा भरली. त्या सभेत ७२ वर्षांचे हेपबर्न एका हातात नवा करार व दुसऱ्या हातात जुना करार घेऊन उभे राहिले व दोन्ही मिळून जपानी राष्ट्रास अर्पण केले. सिंगापुरात ते पहिले लहान पुस्तक हाती आले त्यास आता ४५ वर्षे उलटून गेली होती.

मधल्या काळात कोशाची दुसरी आवृत्ती १८७२ साली व तिसरी १८८६ साली निघाली. तिसरीत शब्दांची संख्या ३५ हजारांवर गेली. पहिल्या आवृत्तीतील रोमन लेखनाची रीत डॉक्टरांची स्वतःची होती. १८८५ साली जपानी व परदेशी विद्वानांच्या रोमाजिकाइ नावाच्या मंडळाने अधिक सोपी रीत ठरविली, तेव्हा त्यांनी आपली जुनी रीत सोडून तिसऱ्या आवृत्तीत मंडळाची रीत घेतली. आज हेपबर्न पद्धती म्हणतात ती हीच. १९ वर्षे चालविलेली आपली रीत ७१ व्या वर्षी बदलणे पुष्कळांस जड गेले असते. या आवृत्तीच्या हक्काबद्दल प्रकाशकाकडून मिळालेल्या पैशातील २,००० डॉलर त्यांनी मेइजी गाकुइन या ख्रिस्ती विद्यालयास दिले व त्यातून विद्यार्थ्यांसाठी हेपबर्न यांच्या नावाची इमारत उभी राहिली. १८८९ पासून १८९१ पर्यंत ते या विद्यालयाचे पहिले अध्यक्ष होते. १८९२ साली त्यांचा जपानी भाषेतील पवित्र शास्त्राचा कोश बाहेर पडला आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबर रोजी, ३३ वर्षांच्या वास्तव्यानंतर, ते पत्नीसह जपानचा निरोप घेऊन निघाले.

अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील ईस्ट ऑरेंज येथे त्यांनी उरलेले दिवस घालविले. १९०५ साली त्यांच्या ९० व्या वाढदिवसानिमित्त जपानच्या बादशहांनी त्यांस उगवत्या सूर्याचे पदक दिले. ज्या देशाच्या सरकारने एकदा त्यांचा दवाखाना बंद केला होता, त्याच देशाने हा मान केला. १९०६ साली क्लाराबाई प्रभूकडे गेल्या आणि २१ सप्टेंबर १९११ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, डॉक्टरही शांतपणे निवर्तले. त्याच तारखेस तोक्यो येथे विद्यालयातील हेपबर्न यांच्या नावाची ती इमारत आगीत जळून गेली. इमारत गेली, तरी विद्यालय चालू राहिले व आजही चालू आहे.

वाचकहो, या चरित्रातून आपणांस घेण्याजोगी गोष्ट साधी आहे. हेपबर्न यांजवळ पदवी होती, औषधे होती व सांगावयास मोठी वार्ता होती. तरी त्यांनी प्रथम ऐकून घेतले. ज्या लोकांस काही द्यावयास आलो, त्यांच्याकडूनच आधी काही मागून घ्यावे लागते, हे त्यांनी ओळखले, आणि ते मागताना कोळ्याच्या व हमालाच्या तोंडचा शब्दही त्यांस हलका वाटला नाही. आपल्यातील कोणी उपदेशक बंधू नव्या गावी जातो, तेव्हा तेथील लोकांचे बोल निराळे असतात. बसण्याउठण्याच्या व आदर दाखविण्याच्या रीतीही निराळ्या असतात. त्या बोलांस हसू नये. पहिले काही महिने तेथील म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ बसावे, शब्द विचारावे व लिहून ठेवावे, आणि जो शिकवील त्याचे नाव आठवणीत ठेवावे. असा बंधू उपदेश करावयास उठेल, तेव्हा लोकांस आपल्याच घरचा मनुष्य बोलत आहे असे वाटेल.